सरपंचांच्या पंपाची गळती

कुरणवाडीचे सरपंच म्हणजे दहा टनी रोलर, आणि गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्या पंपातून डिझेल गळत होतं.

पंप म्हणजे विहिरीवरचा नव्हे. इंजिनाच्या कुशीला बसवलेला, टाकीतलं डिझेल दाबानं आणि वेळच्या वेळी चारही सिलिंडरांना वाटून देणारा, उचलायला गेलं तर कंबरेची परीक्षा बघणारा पंप. आधी त्याच्या अंगावर नुसता ओलावा दिसे. मग थेंब पडू लागले. मग सरपंचांच्या खाली घमेलं ठेवावं लागलं, आणि शेवटी सरपंच सुरूच होईनात.

रोलर सरपंच कसे झाले, यात सांगण्यासारखं फार काही नाही. तालुक्यापासून कुरणवाडीपर्यंतचा रस्ता त्यांनीच दाबला होता. काम संपत आल्यावर खात्यानं ते जुने झाले म्हणून गावालाच देऊन टाकले. पुढे निवडणूक आली, तेव्हा काटकर आणि मदने या दोन्ही गटांना एकमेकांचा माणूस नको होता. रोलरवर मात्र कुणाचा राग नव्हता. अर्जाची छाननी रीतसर झाली. गावात वास्तव्य आहे, दोनपेक्षा जास्त अपत्यं नाहीत, घरपट्टीची थकबाकी नाही, शौचालयाच्या रकान्यात ‘गरज नाही’. बिनविरोध निवडून आले आणि नंतरही येतच राहिले.

आणि कारभार काय केला म्हणता! सभेत कुणाचंही बोलणं मध्येच तोडलं नाही. कुणाच्या घरचा चहा घेतला नाही, त्यामुळे कुणाच्या घरचा घेतला नाही असाही बोल लागला नाही. ठराव मांडला की पुढे सरकले तर होकार, मागे सरकले तर नकार. मधलं काही नाही. सरपंच मत देत असताना ड्रायव्हर भैरू मदने यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे, हा नियम पहिल्याच सभेत झाला होता आणि तो कधी मोडला नाही. एकदा सरपंचांच्या डोक्यावर पत्र्याची शेड घालायचा ठराव आला, तर सरपंच चांगले हातभर मागे गेले. शेड शाळेला मिळाली. असा माणूस आता होणे नाही, असं गावातली म्हातारी मंडळी म्हणत, आणि ते खरंच होतं.

एकच अडचण झाली होती. पंचायतीच्या कामात सरपंचांचा हितसंबंध असता कामा नये, असा कायदा आहे. त्यामुळे निवडून आल्या दिवसापासून सरपंचांना गावचा रस्ता दाबता येईना. कुरणवाडीहून पुढे येळेवाडीला जाणारा रस्ता खडी पसरून तयार होता, तो तसाच राहिला. रोलर गावात होता, खडी रस्त्यावर होती आणि मध्ये कायदा होता. खडीतून टाकळा उगवला, मग बाभळी उगवल्या. लोक तालुक्यावरून वळसा घालून येळेवाडीला जाऊ लागले आणि पुढे पुढे वळसा हाच रस्ता वाटू लागला.

तर सरपंच सलग दोन ग्रामसभांना सुरू झाले नाहीत. ग्रामसेविका तेजस्विनी भोईटे यांनी दोन्ही वेळा इतिवृत्तात ‘सरपंच गैरहजर’ असं लिहिलं, कारण जागेवर असणं आणि हजर असणं यांत फरक आहे. मग त्यांनी भैरूला कचेरीत बोलावून घेतलं.

“सोमवारच्या सभेला सुरू झाले नाहीत, तर पद जाईल,” त्या म्हणाल्या.

“गेलं तर गेलं मॅडम. सरपंच काय पदासाठी जगत्यात व्हय?”

“पद गेलं की ते सरपंच राहणार नाहीत. मग काय राहतील?”

भैरूनं विचार केला. “रोलर.”

“बंद रोलर. बंद रोलर जडवस्तूत जमा होतो. जडवस्तूचा लिलाव होतो. आणि लिलावाला भंगारवाल्याशिवाय कोण येतं, ते तुम्हीच सांगा.”

भैरू तडक तालुक्याला गेला आणि निजाम आत्तारांना घेऊन आला.

निजाम आत्तार हे पंपाचे मिस्त्री. केस पिकलेले, मिशी काळी केलेली, आणि तोंडानं फटकळ. आपल्यासारखा पंपवाला आसपासच्या पाच तालुक्यांत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते राखून ठेवत नसत. पण सरपंचांपुढे आल्यावर त्यांनी आधी चपला काढल्या. गॅरेजात काम शिकत असताना तालुक्याच्या फाट्यावर उभं राहून त्यांनी या रोलरचा आवाज ऐकला होता. सगळ्या सिलिंडरांचा एकसारखा, कुठे घाई नाही, कुठे धाप नाही. इंजिन असं बोलायला हवं, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. पोटापाण्याला पंपाचा धंदा त्यांनी त्या आवाजापायी निवडला, असं म्हटलं तरी चालेल.

“आवळलंय कुणी ह्यांना?” पंपाकडे बघताच त्यांनी विचारलं.

उपसरपंच हिंदुराव काटकर पुढे आले. “ठराव केला होता. गळती तात्काळ थांबवावी, त्यासाठी नट आणखी आवळावेत. एकमतानं मंजूर झाला.”

“मग थांबली?”

“वाढली.”

“वाढणारच. आण्णा, आवळून गळती थांबत असती, तर निम्मं जग आवळून ठेवलं असतं लोकांनी. रबर मेलं असलं की नट किती का आवळा. उलट पंपाचा जीव जातो.”

हिंदुरावांना हे लागलं. गेले काही महिने सरपंचांचा प्रभारी भार तेच वाहत होते आणि त्यांना तो जड गेला नव्हता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

निजामनी पंप रॉकेलनं धुऊन लख्ख केला. फडक्यानं पुसला, वाळू दिला. मग शाळेतून खडू मागवला, त्याची पूड केली आणि सगळ्या पंपावर भुरभुरली. भैरूला डिझेल चढवायचा छोटा हातपंप दाबायला सांगून स्वतः उकिडवे बसून राहिले. पांढऱ्या पुडीवर तिसऱ्या नटाच्या बुडाशी एक काळपट रेघ उमटली आणि हळूहळू खाली आली. दुसरी रेघ पुढच्या दांड्याच्या रबरी सीलजवळ उमटली.

“तिसरा,” निजाम म्हणाले.

हे ऐकून जमलेल्यांत कुजबुज झाली. गावात वॉर्ड चार आणि सरपंचांना सिलिंडर चार, त्यामुळे कुठलं सिलिंडर कुठल्या वॉर्डाचं हे लोकांनी कधीच ठरवून टाकलं होतं. आमच्याच वाट्याचं गळतंय, असा अर्ज तिसऱ्या वॉर्डानं आधीच देऊन ठेवला होता. अर्जदार आता एकमेकांकडे बघून मान हलवू लागले.

“बाहेर गळतंय त्याचं एवढं न्हाय,” निजाम भैरूला सांगत होते. “जिथनं डिझेल बाहेर येतं तिथनं रात्री हवा आत जाती. पंपानं हवा घेतली की इंजिन सुरू कशाला हुईल? रिंगा बदलू, सील बदलू, बेंचवर लावून वाटप बघू. सोमवारच्या आत—”

ते बोलता बोलता थांबले. पंपाच्या मागच्या अंगाला तारेत ओवलेलं शिशाचं एक छोटं सील लोंबत होतं. त्यांनी चष्मा पुसला, बोटानं खडूची पूड झाडली. सीलवर ‘प्र’ उमटलेला होता.

इथे पंपवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा. पंप दुरुस्त करून त्याचं डिझेलचं माप ठरवलं, की मिस्त्री मापाच्या स्क्रूवर तार ओढून आपल्या अक्षराचं शिशाचं सील दाबतो. मग तो पंप त्याचा. दुसऱ्या मिस्त्रीनं तो उतरवावा, पुसावा, हातात घेऊन बघावा, पण ज्याचं सील त्याला विचारल्याशिवाय उघडू नये. धंद्यात लबाड पुष्कळ असतात, पण हा रिवाज लबाडही पाळतात. निजामनी तर जन्मात कुणाचं सील तोडलं नव्हतं आणि याचा त्यांना मिशीपेक्षा जास्त अभिमान होता.

‘प्र’ म्हणजे प्रल्हाद कासार, मुक्काम येळेवाडी. एकेकाळी तालुक्याच्या दुकानावर ‘आत्तार-कासार’ अशी पाटी होती. मग एका टँकरचा पंप परत आला. त्यातले प्लंजर आणि बॅरल, म्हणजे डिझेल ढकलणारे दट्टे आणि त्यांच्या नळकांड्या, यांच्या जोड्या कुणीतरी अदलाबदल करून बसवल्या होत्या. या जोड्या कारखान्यात एकमेकांतच घासून तयार होतात. एकीचा प्लंजर दुसरीच्या बॅरलमध्ये घातला तर बसतो, पण नांदत नाही. अदलाबदल तू केलीस, नाही तूच केलीस, यावरून दोघं वेगळे झाले. वाटण्या अशा झाल्या की पंप फिरवून बघायचं बेंच निजामकडे राहिलं आणि त्यातलं डिझेल मोजायच्या काचेच्या नळ्या प्रल्हाद घेऊन गेला. त्या दिवसापासून निजाम खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या लावून मोजत होते आणि प्रल्हाद नळ्या असून मोजत नव्हता. दोघांत बोलणं नव्हतं. मध्ये रस्ताही नव्हता, त्यामुळे ते सोपं गेलं.

“दुसरा मिस्त्री बगा,” निजाम उठून म्हणाले. “माझ्यानं हे व्हायचं न्हाय.”

भैरूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग सरपंचांच्या मोठ्या चाकाला टेकून खाली बसला. चाकावर ऊन पडलं होतं आणि घमेल्यात थेंब पडत होता. तो आवाज निजामना ऐकवेना. फाट्यावरचा तो आवाज आणि हा आवाज एकाच इंजिनाचा होता.

“पाना दे,” ते म्हणाले. “उतरवायला सील आड येत न्हाय. बघू त्यो काय म्हणतोय.”

पंप उतरवायला सरपंचांची संमती लागणार होती आणि सुरू झाल्याशिवाय सरपंचांना संमती देता येत नव्हती. तेजस्विनीबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि सरपंच दौऱ्यावर जात आहेत असं लिहून टाकलं. दौऱ्याला संमती लागत नाही.

एसटीत निजामनी पंप कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. कंडक्टर आला.

“ह्याचं लगेज लागंल.”

“लगेज न्हाय. कुरणवाडीचे सरपंच हाईत.”

“अख्खे?”

“अख्खे कुठं मावत्यात? महत्त्वाचा भाग.”

कंडक्टरनं वाकून बघितलं. “मग मांडीवर कशापायी? सीटवर बसवा की. मांडीवर लहान पोरं बसत्यात.”

“लोकप्रतिनिधींची सीट रिकामी असंल तर—”

“ती आमदारांची. सरपंच त्यात येत न्हाईत,” कंडक्टर म्हणाला, आणि ते खरं होतं.

तेव्हा खिडकीजवळचे एक पागोटेवाले म्हातारबा उठले. “हितं बसवा त्यांना. त्यांनी दाबलेल्या रस्त्यावरनं गाडी चाललीय, आन् तेच मांडीवर व्हय?” सरपंच खिडकीशी बसले. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं. खरं तर ते अर्धेही नव्हते, पण पाव तिकिटाची सोय मशीनमध्ये नव्हती.

तालुक्याला गाडी बदलून निजाम वळशानं येळेवाडीला पोचले. प्रल्हाद कासार अंगणात फवारणीचे पंप दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली, पाहुणा ओळखला आणि हातातला वॉशर शांतपणे बसवून संपवला.

“या,” तो म्हणाला. “आपलं कसं काय येणं केलंत?”

पूर्वी हे दोघं एकमेकांना अरेतुरे करत. ‘आपण’ ऐकून निजामना बरं वाटलं नाही, पण तेही तसेच बोलले. “आपल्या सीलचा पंप आहे. उघडायची परवानगी पाहिजे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सरपंचांचा जीव जातोय.”

प्रल्हादनं पंप हातात घेतला. उलटासुलटा केला. अंगठ्यानं तिसऱ्या नटाची कड चाचपली. “कुणी आवळलं?”

“ग्रामपंचायतीनं.”

“आन् सील? हे कुणीच तोडलं न्हाय?”

“इतक्या दिवसांत कुणीच न्हाय. तिकडं दुसरं कोण तोडणार? मीच येतो त्या भागात.”

प्रल्हादनं सीलवरून एकदा अंगठा फिरवला. मग घरात गेला आणि लोकरी मफलरची एक गुंडाळी घेऊन बाहेर आला. मफलर निजामनी ओळखला, तो त्यांचाच होता. आत काचेच्या चार नळ्या होत्या, एकही तडा नसलेल्या.

“परवानगी देतो. पण मोजायचं तर नीट मोजायचं,” प्रल्हाद म्हणाला. “सरपंचांचं वाटप औषधाच्या बाटलीत मोजतात व्हय कुणी? नळ्या मी स्वतः घेऊन येणार. दुसऱ्याच्या हातात देत न्हाय मी.”

तालुक्याच्या दुकानात दोघांनी मिळून टेबल धुतलं. पंपाच्या कामात धुळीचा एक कण म्हणजे दगड. पंखा बंद केला, दार लावलं. तार कापायची वेळ आली तेव्हा निजामनी पक्कड प्रल्हादपुढे धरली. त्यानंच आपलं सील कापलं आणि खिशात ठेवलं.

मग चारही जोड्या एकेक करून बाहेर आल्या. स्वच्छ डिझेलच्या चार वाट्या मांडल्या होत्या. ज्या जागेची जोडी त्याच वाटीत. निजाम प्रल्हादच्या हाताकडे बघत होते आणि प्रल्हाद निजामच्या हाताकडे, आणि दोघंही आपण बघत नाही असं दाखवत होते. एक प्लंजर वाटीत ठेवताना दोघांचे हात एकदमच पुढे आले. दोघांनी एकदमच मागे घेतले.

“तिसऱ्याचा,” निजाम म्हणाले.

“दिसतंय मला,” प्रल्हाद म्हणाला. जोडी तिसऱ्याच वाटीत गेली.

प्लंजरांवर साधा चरासुद्धा नव्हता. निजामनी एक उजेडात धरला आणि त्यांना राहवलं नाही. “काय काम केलंय रं! कालच घासून काढल्यागत हाय.”

“मग काय, तुझ्यासारखं?” प्रल्हाद म्हणाला, आणि दोघांनाही ‘तू’ ऐकू आला, पण कुणी तो परत घेतला नाही.

दोष रबरात होता. रिंगा काढल्या त्या शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारख्या कडक झाल्या होत्या. बोटांत दाबल्या तर तुटत होत्या. दांड्याचं सीलही तसंच. प्रल्हादनं एक तुकडा नखानं मोडून बघितला.

“हे झिजलं न्हाय,” तो म्हणाला. “वाळलंय. चालत्या पंपाचं रबर डिझेलात भिजत असतं, नरम राहतं. ह्यांना बसवून ठेवलं.”

“पदावर होते.”

“पदावरच बसवलं की. चालणारा गडी बसवला की दुसरं काय हुणार?”

निजामना हे पटलं, आणि पटलं म्हणून वाईट वाटलं. सगळ्या गावानं प्रेमानं केलेली गोष्ट होती ती. कुणाचं चुकलं असं म्हणायलाही जागा नव्हती.

नव्या रिंगा बसल्या. नट आवळताना निजामनी मापाचा पाना लावला आणि टक् असा आवाज आल्यावर केसभरही पुढे नेला नाही. पंप बेंचवर चढला, खाली चार नळ्या उभ्या राहिल्या. बेंच फिरू लागलं. चारही नळ्यांत डिझेल चढू लागलं, तिसरीत जरा मागे. बेंच थांबवलं, प्रल्हादनं कोपऱ्यातला एक स्क्रू किंचित फिरवला. पुन्हा चालू. पुन्हा थांबवलं. या वेळी निजामनी खाली बसून डोळा नळ्यांच्या पातळीला आणला. चौघींवर मिळून एकच सरळ रेघ होती. इतक्या वर्षांत औषधाच्या बाटल्यांत त्यांना ही रेघ कधी दिसली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रेघ पुसट झाली, तेव्हा त्यांनी चष्म्याला दोष दिला.

“आता सील,” प्रल्हाद म्हणाला. “तू दाब. काम तुझ्या बेंचवर झालंय.”

“पंप तुझा हाय.”

“उघडला तू.”

“माप तू लावलं.”

एका तारेत एकच सील असतं. त्या दिवशी एका तारेत दोन दाबली गेली. त्यात रिवाजाविरुद्ध काही आहे का, हे दोघांनी आठवून बघितलं. कुणाला आठवलं नाही.

सोमवारी सकाळी कुरणवाडीत दोघांनी पंप जागेवर बसवला. खुणेला खूण लावली, पाइप जोडले. भैरू हातपंप दाबत राहिला आणि निजाम ढिल्या केलेल्या स्क्रूतून येणारा फेस बघत राहिले. फेस, मग बुडबुडे, मग हवा संपून नुसतं नितळ डिझेल. स्क्रू बंद झाला. तोवर पंचायतीच्या आवारात सगळं गाव जमलं होतं. तेजस्विनीबाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. “सरपंच?”

भैरूनं स्टार्टर दाबला. सरपंच एकदा खोकले. पांढऱ्या धुराचा एक लोट वर गेला. मग इंजिन लागलं, आणि निजामनी ओळखलं. तोच आवाज होता. एकसारखा, घाई नाही, धाप नाही. म्हातारी माणसं उठून उभी राहिली. तिसऱ्या वॉर्डातून टाळ्या आल्या.

“हजर,” तेजस्विनीबाईंनी लिहिलं.

तेव्हा हिंदुराव उठले. त्यांचा ठराव तयार होता, आणि तो वाईट होता असंही म्हणता येत नाही. “सरपंचांनी गावाची पुष्कळ सेवा केली,” ते म्हणाले. “आता वय झालंय. पुन्हा गळती लागंल, पुन्हा पंप उतरवा, हे त्यांच्या मानाला शोभत नाही. शाळेपुढं आपण ओटा बांधलाय, चढायला उतार केलाय. सरपंचांनी सन्मानानं पद सोडावं, रंग लावून घ्यावा आणि ओट्यावर कायम उभं राहावं. पोरांना बघायला मिळतील.”

शाळा पंचायतीला लागूनच, त्यामुळे ओटा पंचायतीच्या फाटकाजवळच होता आणि त्यावर झेंडूच्या माळाही लावून झाल्या होत्या. निजामनी ओट्याकडे बघितलं. शेड नाकारणारे सरपंच. स्वतःसाठी कधी काही न मागितलेले सरपंच. पद सोडा म्हटलं तर ते नाही म्हणणार नाहीत, हे त्यांच्याइतकंच सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि ओट्यावर कायम उभं राहायचं म्हणजे रिंगा पुन्हा वाळणार, या वेळी कुणी घमेलंही ठेवणार नाही. सरपंचांना हो म्हणण्यापुरतं आपण दुरुस्त केलं की काय, असं त्यांना वाटलं.

“मदने, हात,” तेजस्विनीबाई म्हणाल्या. भैरूनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

सरपंच थोडा वेळ जागेवर थडथडत राहिले. मग पुढे सरकले.

“ठराव मंजूर,” हिंदुराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला तेवढा मोठा आला नाही. “सरपंचांनी पद सोडलं.” बायकांनी पदर डोळ्यांना लावले. प्रल्हादनं निजामचा दंड धरला.

होकाराला हातभर पुरतं. सरपंच हातभर गेले आणि थांबले नाहीत. वाटेतली माणसं बाजूला झाली. मोठी चाकं ओट्याच्या उतारापाशी आली. मंडळी माळा घेऊन पुढे झाली. सरपंच ओट्यापाशीही थांबले नाहीत. झेंडूच्या माळा हातात धरलेली माणसं तशीच उभी राहिली आणि सरपंच त्यांच्यासमोरून, चालीत काही फरक न करता, फाटकातून बाहेर गेले. फाटकाच्या समोरच येळेवाडीचा रस्ता सुरू होत होता. खडी, टाकळा, बाभळीची रोपं. पहिलं चाक खडीवर चढलं आणि खालून दगड बसल्याचा कुरकुर आवाज आला. फार दिवसांनी गावानं तो ऐकला.

“हे कसं चालंल?” हिंदुराव म्हणाले. “सरपंचांना गावचं काम करता येत न्हाय. हितसंबंध येतो.”

“सरपंच कुठे आहेत आता?” तेजस्विनीबाई म्हणाल्या. “तुमचाच ठराव. पद सोडलं, आणि इंजिन चालू आहे, म्हणजे जडवस्तूही नाहीत.” त्या फाटकापर्यंत चालत गेल्या आणि मोठ्यानं ओरडल्या, “मदने, हात खाली घ्या. मतदान संपलं. काम सुरू झालंय.”

भैरूनं डोळे उघडले, समोर बघितलं आणि स्टिअरिंग धरलं.

हिंदुराव माळ हातात धरून उभे होते. मग त्यांनी ती ओट्यावर ठेवली, धोतर खोचलं आणि पुढे जाऊन चाकाच्या वाटेतलं बाभळीचं एक रोप उपटलं. त्यांच्या मागोमाग तिसरा वॉर्ड गेला, मग बाकीचे. कुणी कोयता आणला, कुणी पाण्याची घागर आणली, कारण खडी दाबताना वरून पाणी मारावं लागतं, हे म्हाताऱ्यांना अजून आठवत होतं.

निजाम आणि प्रल्हाद रोलरच्या मागून चालत होते. बसलेल्या खडीवर पाय कसा सरळ पडत होता. निजाम मध्येच खाली वाकत, चष्मा सावरत आणि रोलर नुकताच पुढे गेलेल्या जागेवर हात फिरवून बघत.

“काय?” प्रल्हादनं विचारलं.

“डिझेलचा थेंब न्हाय,” निजाम म्हणाले. “तुझ्या घरापर्यंत बघत जातो.”